नालबंदी

यंदाच्या भाद्रपदात पवनीकडचे एक धानवाले शेतकरी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. लष्करी अधिकारी घडविणाऱ्या एका संस्थेत तो गेला, मन रमले नाही म्हणून आपण होऊन परतला. मागाहून शिक्षणाचा खर्च भरून देण्याचा कागद आला. हमीपत्रावर सही बापाची.

"मास्तर, पोरानं त पैसा हातातबी घेतला नाही. मंग कर्ज कशाचं?"

मी मॅट्रिक झालेला मास्तर, कायद्यातले मला काय कळणार? पण कादंबऱ्यांच्या पायी भोसल्यांच्या अमदानीत डोकावण्याची खोड जडली आहे. त्यामुळे तोंडात शब्द आला तो 'नालबंदी'.

वाचकहो, मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदार घोडा आणि हत्यार घरचे आणी. दसऱ्याला मोहीम निघायची, तर त्याआधी घोड्याला नाल हवेत, घरी बायकापोरांना दाणागोटा हवा. त्यासाठी हाती पडणारी आगाऊ रक्कम ती नालबंदी. ते बक्षीस नव्हे, पुढच्या पगारात वजा व्हायचे. चाकरी अर्ध्यावर टाकून स्वार घरी गेला, तर पैसा त्याच्या अंगावर निघणारच. शिवाजीमहाराजांच्या फौजेत तर नव्या माणसाला आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन द्यावा लागे. म्हणजे पळणाऱ्याच्या मागे मित्राची मान अडकलेली!

शिलेदाराची बाजूही ऐकली पाहिजे. घोडा मेला तर तोटा त्याचा. म्हणून तो ऐन लढाईत घोडा जपतो, अशी ओरड असे. जनावर हेच ज्याचे भांडवल, त्याने दुसरे काय करावे?

आणि सरकारनेच पगार थकविला तर? आपल्याच नागपूरकरांची गोष्ट घ्या. इंग्रजांविरुद्ध नाना फडणीस, हैदरअली, निजाम आणि भोसले एक झाले. बंगालवर जाण्याचे काम मुधोजी भोसल्यांकडे आले. त्यांचे चिरंजीव खंडोजी ऊर्फ चिमणाबापू 1779 च्या दसऱ्याच्या सुमारास सुमारे 30,000 स्वार घेऊन निघाले. रेंगाळत रेंगाळत 1780 च्या मे महिन्यात फौज कटकला पोहोचली. पगार थकला, स्वार कुरकुरू लागले. वॉरन हेस्टिंग्ज हुशार! त्याने आधी 3 लाख आणि 1781 साली आणखी 13 लाख रुपये पोहोचविले. बंगालवरची स्वारी झालीच नाही. एका स्वाराने चाकरी सोडली तर जामीनदार धरायचा. इथे अख्खी मोहीम शत्रूच्या पैशावर बसली, तिचा जामीन कोणाकडे मागायचा?

असो. शेतकऱ्याने सगळे निमूट ऐकले. मग विचारले, "त्या जामीनदाराला हप्ते पाडून देत होते का जी?"

मला हसू आले, आणि लगेच लाजही वाटली. माझा इतिहास त्यांच्या काय कामाचा? त्यांना धान निघेपर्यंतची सवड हवी होती.

दुसऱ्या दिवशी मुलालाही बोलावले. मुदतीसाठी अर्ज मी लिहिला. बापाने सहीसाठी हात पुढे केला, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या सहीखाली माझीबी घ्या." त्याने कागद ओढून घेतला. जागा उरली नव्हती. समासात सही केली.