दिनविशेष, २९ नोव्हेंबर : मंडालेच्या लेकी रत्नागिरीत

मंडाले, २९ नोव्हेंबर १८८५. ब्रिटिश फौजेने ब्रह्मदेशाचा राजा थिबा, गरोदर राणी सुपयालत आणि त्यांच्या दोन चिमुकल्या मुलींना राजवाड्याबाहेर काढले. बैलगाड्यांतून इरावतीकाठी नेऊन बोटीत बसवले. एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब रत्नागिरीत उतरले. तिसरी मुलगी वाटेत मद्रासला जन्मली, चौथी रत्नागिरीत.

राजाचे नाव सर्वांच्या लक्षात राहिले. मुलींचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही. अमिताव घोष यांनी विचारले. २००० साली आलेल्या ‘द ग्लास पॅलेस’ कादंबरीत त्यांनी या राजकन्या आणि त्यांना कडेवर घेऊन फिरणारी डॉली ही पोरसवदा दासी रत्नागिरीत वाढताना दाखवली. तोफा ब्रह्मदेशात धडाडल्या, पण त्यांची किंमत या पोरी कोकणात वर्षानुवर्षे मोजत राहिल्या. हे सांगणे हेच या कादंबरीचे मोठे काम.

प्रत्यक्षातली कथाही जिवाला लागते. थोरल्या राजकन्येचा जीव रत्नागिरीतल्या घरच्या पहारेकऱ्यावर जडला. त्यांची लेक टूटू रत्नागिरीतच, मराठी बोलत, गरिबीत जगली.

२०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून, म्हणजे त्याच ब्रह्मदेशातून, हजारो कुटुंबे मिझोराममध्ये आली. त्यांच्यातही अशा मुली आहेत, म्हणून ही तारीख जुनी होत नाही.

रत्नागिरीतला जांभ्या दगडाचा थिबा राजवाडा पाहायला जाल, तेव्हा या चौघींची आठवण जरूर काढा. कुटुंब १९१९ मध्ये मायदेशी गेले, थोरली मात्र परत आली. १९४७ मध्ये ती रत्नागिरीतच वारली.