पीव्हीएची खळ आणि वीज वाहणारं सूत

कार्बन नॅनोट्यूब १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांनी शोधली, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पण कार्बनच्या अशा पोकळ नळ्यांचे फोटो रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ सालीच छापले होते. रशियन भाषेत, शीतयुद्धाच्या काळात. बाहेर वाचणार कोण? असो. मला श्रेयाच्या वादापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ती सुताची आहे.

ही नळी पोलादापेक्षा मजबूत, वजनाला हलकी, वर तिच्यातून वीजही वाहते. पण हातात येते ती नुसती काळी भुकटी. तिचा धागा काढायचा कसा?

उत्तर मिळालं २००० साली, फ्रान्समधल्या बोर्दोत. आपल्या इचलकरंजीतल्या सायझिंगवाल्याला ते ओळखीचंच वाटेल. साबणासारखं रसायन घातलेल्या पाण्यात नळ्या मोकळ्या केल्या आणि ते काळं पाणी बारीक सुईतून पीव्हीएच्या फिरत्या द्रावणात सोडलं. हो, तोच पीव्हीए, ज्याची खळ ताण्याला देतात! प्रवाहानं नळ्या एका दिशेला लागल्या, पीव्हीएनं त्या एकमेकींना धरून ठेवल्या. वाळल्यावर गाठ मारता येईल असा धागा तयार.

२००३ मध्ये अमेरिकेत, डॅलसला, रे बॉमन यांच्या गटानं हीच रीत सुधारून १०० मीटर लांबीचा धागा काढला. चिवटपणात तो कोळ्याच्या जाळ्यालाही भारी. अशा धाग्यांचा वीज साठवणारा कपॅसिटर करून त्यांनी तो कापडातही विणला.

गोची एकच, पण मोठी. जो पीव्हीए नळ्यांना बांधतो तोच विजेला अडवतो. ताकद वाढवावी तर वीज अडते, वीज मोकळी करावी तर धागा सुटतो. म्हणून राइस विद्यापीठाच्या मातेओ पास्क्वाली यांनी पॉलिमरच वगळला. नळ्या तीव्र आम्लात विरघळवल्या आणि केव्हलार कातायच्या धर्तीवर नुसत्या नळ्यांचं सूत कातलं.

आपल्याकडे यंत्रमागाची चर्चा वीजदराच्या सवलतीवर सुरू होते आणि तिथंच संपते. सवलत हवीच, माझं दुमत नाही. पण रसायनाचे प्राध्यापक आणि सायझिंगवाले एका टेबलाशी बसलेले तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत? राइसच्या त्या २०१३ च्या शोधनिबंधावर प्राध्यापकांच्या नावांशेजारी तेजिन अरामिड या धागा बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांचीही नावं आहेत.