दिनविशेष : १७ डिसेंबर १९४६

संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दिवशी पहिल्यांदा बोलले. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबरला उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो थांबवावा, अशी सूचना बॅ. मुकुंदराव जयकरांनी केली आणि सभागृहात नाराजी उमटली. त्यानंतर अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी बंगालमधून निवडून आलेल्या आंबेडकरांचे नाव पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत, एक दिवस तयारीला मिळेल असे वाटले होते, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. तरीही हे भाषण अप्रतिम आहे. जयकरांची बाजू घेत त्यांनी साऱ्या पक्षांना सोबत घेण्याचा आग्रह धरला.

हे आपल्याला कळते ते संविधान सभेच्या अधिकृत वृत्तांतामुळे. शब्द, मध्येच आलेले प्रश्न, टाळ्या, सारे त्यात नोंदलेले आहे. १६५ दिवसांच्या कामकाजाचे हे छापील खंड अभ्यासक आणि वकील आजही उघडतात. मराठी वाचकाने निदान हे भाषण तरी मुळातून वाचायलाच हवे. नेहरूंचा तो ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी, लीगविनाच, मंजूर झाला.