थ्रेड : मागे राहिलेल्या दोन भावंडांची वाट

कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सोपानदेवांनी सासवड येथे. पुढील वैशाखात मुक्ताबाई तापीकाठी अंतर्धान पावल्या आणि ज्येष्ठ वद्य एकादशीस निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. शके बदलला खरा, पण तिथ्या मोजून पाहा : पहिल्या आणि शेवटच्या समाधीत सात महिन्यांना दोन दिवस कमी, एवढेच अंतर भरते.

या चौघांच्या समाधीस्थळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा थ्रेड सासवड आणि तापी यांच्या मधल्या वाटेविषयी आहे.

सोपानदेवांनंतर दोघेच उरले. सर्वांत थोरला आणि सर्वांत धाकटी. आईवडिलांमागे ज्याने तिन्ही भावंडांना सांभाळले, ज्ञानदेवांनी ज्याला गुरू मानले, तो निवृत्ती आता एकट्या बहिणीला घेऊन उत्तरेकडे निघाला. मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१ चा मानला, तर तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. दुसऱ्या परंपरेत चारही भावंडांचे जन्म काही वर्षे आधीचे सांगितले आहेत. तेही धरले, तरी त्या विशीच्या आसपासच होत्या.

सासवडहून तापीकडे जायचे म्हणजे भीमेचे खोरे ओलांडायचे, गोदावरी पार करायची आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतून खानदेशात उतरायचे. सोबत नामदेव आणि इतर संतमंडळी होती, असे परंपरा सांगते.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. १२९६ च्या आरंभीच अलाउद्दीन खिलजी एलिचपूरवरून देवगिरीवर चालून आला होता. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्याचा गौरवाने उल्लेख येतो, त्या रामदेवराव यादवाला अपार संपत्ती देऊन तह करावा लागला होता. यादवांचे राज्य अद्याप उभे होते, मात्र त्याचा धाक उरला नव्हता. या घटनेला जेमतेम वर्ष होत असताना ही भावंडे त्याच राज्यातून पायी चालली होती. समाधीच्या अभंगांत या स्वारीची सावलीही दिसत नाही. तिथे आहे तो फक्त वियोग.

इथे साधनांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. या वाटेचा समकालीन शिलालेख वा ताम्रपट आपल्यापुढे नाही. आपला आधार म्हणजे नामदेवांच्या नावावर असलेले समाधीचे अभंग, आणि ते आपल्यापर्यंत आले ते पुढच्या काळातील हस्तलिखितांतून. मुक्ताबाईंचा उत्सव वैशाख वद्य दशमीस होतो, काही ग्रंथ मात्र द्वादशी देतात. म्हणून तिथी-मितींवर आंधळी श्रद्धा नको. पण ‘समकालीन पुरावा नाही, म्हणजे काहीच घडले नाही’ हा निष्कर्षही तितकाच उतावळा आहे.

कथा अशी : तापीच्या तीरावर मेहूण येथे अकस्मात वादळ उठले, वीज कडाडली आणि त्या लखलखाटात मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. बाकीच्या तिघा भावंडांच्या समाध्या परंपरेने विधिपूर्वक वर्णिल्या आहेत. इथे निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. ज्याने दोन भावांना आपल्यासमोर समाधिस्थ होताना पाहिले, त्याच्या हातून बहीण अशी निसटली.

स्थळही लक्षात घ्या. जवळच तापी-पूर्णेचा संगम आणि तिथले चांगदेवांचे प्राचीन मंदिर. ज्ञानदेवांनी ज्यांना उद्देशून पासष्टी लिहिली, त्या वयोवृद्ध योगी चांगदेवांच्या मुक्ताबाई गुरू. (खानदेशातच चाळीसगावजवळ पाटण येथे यादवकालीन शिलालेखात आणखी एक चांगदेव भेटतो. तो ज्योतिषी, भास्कराचार्यांचा नातू. अनेक जण या दोघांची गल्लत करतात.) पूर्वीचे एदलाबाद आज मुक्ताईनगर आहे. कोथळी, मेहूण आणि मुक्ताईनगर अशा तिन्ही ठिकाणी मुक्ताबाईंची मंदिरे आहेत.

आता परतीची वाट. दर ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड अशी मजल-दरमजल करीत आषाढीला पंढरपूर गाठते. अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास, काळ सुमारे महिनाभर. आळंदी-देहूचा मार्ग याच्या निम्म्याहूनही कमी. परंपरा या सोहळ्याचे वय तीनशे वर्षांहून अधिक सांगते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पादुका पालखीत ठेवून वारी नेण्याची प्रथा १६८५ मध्ये सुरू केली असे मानतात. त्या हिशेबाने हा दावा अशक्य वाटत नाही.

हा खर्च कोण उचलतो? वाटेवरची गावे. एक गाव सकाळची न्याहारी देते, दुसरे दुपारची पंगत, तिसरे रात्रीचा मुक्काम. घरटी भाकऱ्या गोळा होतात, कुणी औषधे देतो, कुणी पाण्याचा टँकर. मराठवाड्यात ज्येष्ठ म्हणजे कित्येकदा पावसाची नुसती प्रतीक्षा. शेतकऱ्याच्या हाती पैसा सर्वांत कमी असतो तो याच दिवसांत, आणि अन्नदान होते तेही याच दिवसांत. आधुनिक धर्मादाय पदयात्रेत चालणारा निधी गोळा करतो. इथे चालणारा रिकाम्या हातांनी येतो आणि देण्याची संधी तेवढी गावाला मिळते.

वारीने या भावंडांचे नाते जपले आहे. पंढरीच्या अलीकडे ‘टप्पा’ येथे ज्ञानदेव आणि सोपानदेव यांच्या पालख्या भेटतात. त्या सोहळ्याचे नावच ‘बंधुभेट’. वाखरीला सगळे सोहळे एकत्र येतात आणि पंढरपुराहून नामदेवांची पालखी त्यांना सामोरी जाते. २०२० मध्ये महासाथीमुळे पायी वारी थांबली, तेव्हा मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने का होईना, पादुका पंढरीला नेल्याच.

पंचांग उघडून एक गोष्ट तपासा. ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे निवृत्तिनाथांची पुण्यतिथी, बहुतेक वर्षी वारीच्या दिवसांतच येते. त्या दिवशी त्र्यंबकेश्वराहून निघालेली त्यांची पालखी वाटेवर असते, आणि तापीकाठून निघालेली मुक्ताबाईंचीही.