आत्याची गाठ आणि बार्शीची नोंदवही

गेल्या दिवाळीत बार्शीला गेले होते. रात्री भांडी आवरताना आत्या हळूच म्हणाली, "छातीत एक गाठ लागतीय बघ. पण दुखत नाही की. मोबाइलवर आलं होतं, दुखत नसंल तर काळजी करू नका म्हणून." किती दिवस झाले म्हणून विचारलं, तर चार महिने!

न दुखणारी गाठ हेच तर स्तनाच्या कर्करोगाचं नेहमीचं लक्षण. म्हणजे तो संदेश नुसता चुकीचा नव्हता, चक्क उलटा होता. दुसऱ्याच दिवशी तिला तपासणीला नेलं. गाठ साधी निघाली, सुटलो. पण हे बार्शीत घडावं, याची रुखरुख काही जाईना.

कारण कर्करोगाची खरी माहिती कशी मिळवायची आणि कशी सांगायची, हे बार्शीनेच देशाला दाखवलं आहे. १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं, इथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत. शहरात रुग्णालयांची कागदपत्रं चाळून नोंद होते. खेड्यातला रुग्ण मात्र रुग्णालयापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावून सांगायचे आणि शंका आली की तपासणीला पाठवायचे. माहिती घेणारा माणूसच माहिती द्यायचा! पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे त्याच नोंदींत दिसलं.

त्या वहीने आणखी एक सांगितलं. त्या काळी इथल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त होता, स्तनाचा त्यामानाने बराच कमी. आपण मात्र मराठी लेखांतसुद्धा 'आठातल्या एकीला स्तनाचा कर्करोग' असं बिनदिक्कत वाचतो. तो आकडा अमेरिकेचा आहे! आकडा खरा, पण गाव चुकलेलं.

मुंबईतलं उदाहरण घ्या. १९९८ पासून तिथल्या वस्त्यांतल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास झाला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. निष्कर्ष २०२१ साली आले : पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत मात्र ठोस फायदा दिसला नाही. हा दुसरा भागही छापला, म्हणून पहिल्यावर विश्वास बसतो.

याउलट, गरम नारळपाण्याने कर्करोग बरा होतो हा संदेश टाटा मेमोरियलच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावावर फिरला. २०१९ मध्ये रुग्णालयाला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. मोठं नाव चिकटवलं की माहिती मोठी होत नाही.

म्हणून मी आता तीन प्रश्न विचारते. हे कोणी मोजलं? कुठल्या बायकांत? आणि कुठे फायदा दिसला नाही, ते सांगितलंय का?

आत्याला मात्र एवढंच सांगितलंय : गाठ लागली, तर दुखो न दुखो, मोबाइल बाजूला ठेव आणि दवाखाना गाठ.

"आणि मग तुला फोन करीन की," ती म्हणाली. असो, तेवढी सूट दिली आहे.