कैद्यांची गुणपत्रिका

शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२८ सालच्या एका अहवालासाठी इलिनॉयच्या तीन तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या ३,००० कैद्यांच्या नोंदी तपासल्या. गुन्ह्याचा प्रकार, वय, कामधंदा, राहती वस्ती असे २१ निकष. प्रत्येक अनुकूल निकषाला एक गुण. १६ ते २१ गुण मिळालेल्यांपैकी अवघ्या १.५ टक्के कैद्यांनी पॅरोलच्या अटी मोडल्या होत्या, तर २ ते ४ गुणवाल्यांपैकी तब्बल ७६ टक्क्यांनी. १९३३ पासून तिथल्या तुरुंगांत हे हिशेब मांडायला माणसंही नेमली गेली.

निकषांत ‘भटक्या’, ‘दारुडा’, ‘शेतावरचा पोरगा’ असे शिक्केही होते. लिहिणाऱ्याचं मत एकदा तक्त्यात बसलं की तेही मोजमाप वाटू लागतं. या पद्धतीचा हा दोष पुढे यंत्रांनाही चिकटला.

२०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’च्या पत्रकारांनी फ्लोरिडात वापरली जाणारी, आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचं भाकीत करणारी ‘कॉम्पास’ ही संगणक प्रणाली तपासली. पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांवर ‘धोकादायक’ हा शिक्का गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बसत होता. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग आणि मनीष राघवन यांनी अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लइनाथन यांच्यासह सिद्ध केलं, की दोन गटांतलं गुन्ह्याचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर न्याय्यतेच्या काही रास्त कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊच शकत नाहीत. कोणती कसोटी सोडायची, हे समाजालाच ठरवावं लागतं.

क्लाइनबर्ग आणि मुल्लइनाथन यांनी इतर सहकाऱ्यांसह हाती घेतलेली खरी अवघड गाठ जामिनाची होती. कोठडीत ठेवलेला आरोपी सुटला असता, तर तारखेला हजर राहिला असता का? कोणत्याच दप्तरात हे लिहिलेलं नसतं. न्यायाधीशाला आरोपीच्या वागण्यात काय दिसलं, तेही नसतं. नुसत्या सुटलेल्यांवरून शिकलेलं यंत्र आत राहिलेल्यांबद्दल फसू शकतं. इथे अर्थशास्त्रज्ञांची हातोटी कामी आली. न्यू यॉर्कमध्ये कोणता खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाईल, हे जवळपास योगायोगावर असतं. काही न्यायाधीश उदार, काही कडक. उदार न्यायाधीशांनी सोडलेल्यांपैकी सर्वांत धोक्याचे आरोपी यंत्राने आत ठेवले असते, तर कडक न्यायाधीशांपेक्षा बरा निकाल लागला असता का, हे त्यामुळे ताडून पाहता आलं.

२००८ ते २०१३ मधल्या साडेसात लाखांहून अधिक प्रकरणांवर या संयुक्त गटाने काम केलं. कोठडीतली संख्या तेवढीच ठेवली, तर गैरहजेरी जास्तीत जास्त २४.७ टक्क्यांनी घटते. गैरहजेरी न वाढवता कोठडीतली संख्या जास्तीत जास्त ४१.९ टक्क्यांनी कमी करता येते, असं गणित निघालं. न्यायाधीशांच्या मनात फक्त हजेरीच असते असं नाही, म्हणून हिंसक गुन्हेही धरून गटाने हिशेब पुन्हा केला. यंत्राची सरशी तिथेही टिकली.