जाड तार

मंडळी, परवा एसी लावताच घरातला एमसीबी पडला. नातू म्हणाला, "आजोबा, मोठ्या अँपिअरचा बसवून टाकू." मला आमची कोपरीतली जुनी चाळ आठवली.

तेव्हा चिनी मातीचे किटकॅट असत. फ्यूज उडाला की मेन स्विच बंद करून नवी तार ओवायची. तार सारखी उडते म्हणून मी एकदा जाड तांब्याची तार गुंडाळली. ती काही उडाली नाही; पण रात्री भिंतीतली वायर तापून जळका वास सुटला! शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, "प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आधी जळावी म्हणून ठेवलेली तारच तुम्ही काढलीत."

मी मराठीचा बी.ए., पण तेव्हापासून हा विषय वाचत गेलो. वितळणाऱ्या तारेचे पेटंट एडिसनने १८८० साली घेतले. खोपोलीहून टाटांची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली, १९२५ साली कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली. त्याच सुमारास, १९२४ साली, जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झच्या कंपनीने एमसीबीचे पेटंट घेतले. त्यात जादा भाराने तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते आणि शॉर्टसर्किट होताच क्षणात खटका पाडणारे विद्युतचुंबक.

नातवाला म्हटले, "वायर तीच ठेवून मोठा एमसीबी म्हणजे माझी ती जाड तारच रे बाबा! आधी वायरिंग तपासून घेऊ."

असो. तुमच्या घरातली डबीही एकदा वायरमनला दाखवा.